मास्तरांची डावी बाजू

मास्तर माप घेताना म्हणायचे, "साहेब, पोट आत ओढू नका. ते उद्या बाहेर येणारच आहे, आणि शर्ट त्याच्यासाठीच शिवायचा आहे."

आमच्या इमारतीच्या तळमजल्यावर त्यांचं टेलरिंगचं दुकान, पहिल्या मजल्यावर बिऱ्हाड. मी वरच्या मजल्यावर राहतो, एका कंपनीत हिशेबाच्या कामाला आहे. नोकरीला लागलो तेव्हाचा पहिला शर्ट मास्तरांनी शिवला. आता निवृत्ती दाराशी आली आहे, आणि मधल्या काळात दुसऱ्या कोणाच्या हातचा शर्ट अंगाला लागलेला नाही. कापड त्यांच्याकडे टाकायचं, तारीख विचारायची आणि त्या तारखेवर विश्वास ठेवायचा नाही, अशी आमची पद्धत होती.

"गुरुवारी नक्की."

"कुठल्या गुरुवारी, मास्तर?"

"येणाऱ्या."

"मागच्या वेळीही येणाराच होता."

"मग? आला ना तो?"

दुकान म्हणजे एक लांबट खोली. दारातून शिरलं की कापायचं टेबल, मास्तरांच्या उंचीला बेतलेलं, कारण ते उभ्याने कापत. मागच्या भिंतीला शिलाईची मशीनं. त्यातल्या खिडकीजवळच्या मशीनवर त्यांचा धाकटा भाऊ बसे. त्याला सगळे धाकटाच म्हणत. केस पांढरे झाले तरी तो धाकटाच राहिला. वडील लवकर गेल्यामुळे मास्तरांनीच त्याला मोठं केलं, हातात सुई दिली आणि मशीनवर बसवलं. कापायचं काम मात्र कधी दिलं नाही. कात्री एकट्या मास्तरांची. त्यावरून धाकट्याने कधी कुरबूर केल्याचं मला आठवत नाही.

त्या दुकानाचा एक कायदा होता. कापताना कधीमधी कात्री जराशी सरकते, कोणाचीही सरकते. तुकडे जोडायला घेतले की शिवणाऱ्याला ते कळतं. अशा वेळी त्याने तोंड उघडायचं नाही. शिवणीत थोडं जास्त कापड घ्यायचं, दुसऱ्या बाजूला थोडं सोडायचं आणि कपडा सरळ करून खुंटीला लावायचा. मास्तर याला 'शिवणीत घेणं' म्हणत. "कापणाऱ्याची चूक शिवणाऱ्याने पोटात घालायची. चारचौघांत बोंब मारली तर गिऱ्हाईकही जातं आणि कापणाऱ्याचा हातही जातो," असं ते धाकट्याला शिकवत. हात जातो म्हणजे कात्री चालवताना मनात भीती बसते. धाकटा हे इतकं पक्कं शिकला होता की भावाची चूक दिसली तर त्याचा चेहराही हलत नसे.

अपघात भरदुपारी झाला. समोरच्या दुकानदाराचा निळा कोट ट्रायलसाठी घेऊन मास्तर रस्ता ओलांडत होते. कोपऱ्यावरून वळलेल्या मोटारसायकलने त्यांना उडवलं आणि डोकं फुटपाथच्या कडेवर आपटलं. मी त्या दिवशी रजेवर घरी होतो, आवाज ऐकून खाली धावलो. कोट हँगरसकट बाजूला पडला होता आणि त्याला साधी सुरकुतीसुद्धा नव्हती. रक्तही फारसं दिसत नव्हतं. त्यामुळे आम्हाला वाटलं, थोडक्यात निभावलं.

निभावलं नव्हतं. डोक्याच्या आत उजव्या बाजूला रक्त साठलं होतं. कवटी उघडून ते काढावं लागलं. मग बरेच आठवडे मास्तर डोळे मिटून, गळ्यात नळी घेऊन पडून राहिले. वहिनी म्हणजे मास्तरांची बायको बाहेरच्या बाकावर बसून असायच्या. धाकटा सकाळी दुकान उघडायचा, दुपारी बंद करून इस्पितळात यायचा. आत सोडलं की भावाच्या कानाशी तोंड नेऊन सांगायचा, "दादा, तो निळा कोट तसाच आहे. तू आल्याशिवाय हात लावत नाही."

शेवटी त्यांनी डोळे उघडले. मग नळी निघाली, मग घोगरा आवाज आला, मग ते आधाराने बसू लागले. डाव्या हातापायात जोर कमी होता, तरी काठी घेऊन चालायला शिकले. पहिलं धड वाक्य बोलले ते मला. माझ्या कॉलरकडे बघून म्हणाले, "हा धुवायला कोणाकडे देता? कडा मारून टाकल्या." वहिनी रडता रडता हसल्या. माणूस परत आला, असं आम्ही धरून चाललो.

तिथून त्यांना मेंदूच्या रुग्णांना पुन्हा शिकवतात त्या विभागात हलवलं. तिथल्या डॉक्टरांनी आम्हाला समोर बसवून सांगितलं, "पहिले काही महिने मेंदू शिकायला तयार असतो. नंतरही शिकतो, पण कुरकुरत, आणि फार थोडं. तेव्हा हे महिने वाया घालवू नका."

रोजचं शिकवणं एका थेरपीवाल्या बाईंकडे होतं. ठेंगण्या, चष्मा लावलेल्या, भराभर बोलणाऱ्या. त्यांच्या लक्षात आलं की मास्तर ताटातला उजवीकडचा घास घेतात आणि डावीकडचं तसंच ठेवतात. दाढी अर्धी करतात. घड्याळाचं चित्र काढायला सांगितलं तर सगळे आकडे उजव्या अर्ध्यात कोंबतात आणि म्हणतात, झालं.

"नजर अधू झाली का?" वहिनींनी विचारलं.

"नाही. डोळे ठीक आहेत. डोळे बघतात, पण मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. त्यांच्या लेखी जगाला डावी बाजूच नाही. आणि जे नाहीच ते राहून गेलं, हे त्यांना कसं कळेल? ते तुम्हीच सांगायचं. दर वेळी. चिडले तरी, रडले तरी सांगायचं आणि मान डावीकडे वळवायला लावायची. तुम्ही परस्पर करून टाकलंत तर त्यांना वाटेल, सगळं नीट आहे."

धाकटा भिंतीला टेकून उभा होता. बाई त्याच्याकडे वळल्या. "तुम्ही दुकानात असता ना यांच्याबरोबर? मग तुमच्यावर जास्त जबाबदारी."

"हो, हो," तो म्हणाला.

बाईंनी एक युक्ती सांगितली. टेबलाच्या डाव्या कडेला लाल पट्टी चिकटवायची. काम सुरू करण्याआधी आणि संपल्यावर मास्तरांनी ती शोधायची, म्हणजे मान तिथवर जाईल. घरी जेवायच्या टेबलाला वहिनींनी लाल फीत लावली. दुकानातल्या टेबलाला धाकट्याने लावली, अगदी मापात, चुणी न पडता.

मास्तर दुकानात आले त्या दिवशी मी मुद्दाम उशिरा कामावर गेलो. आणखी दोनतीन जुनी गिऱ्हाइकं आली होती. मास्तरांनी टेबलावरून हात फिरवला, कात्रीला तेल आहे का बघितलं, आणि शर्टाचं कापड पसरलं. कापड पसरलं तशी लाल पट्टी त्याच्याखाली झाकली गेली. हे ना बाईंच्या डोक्यात आलं होतं, ना आमच्या. इस्पितळातल्या टेबलावर कापड पसरत नाहीत.

कापड धरायला डाव्या हाताऐवजी त्यांनी त्यावर इस्त्रीचं वजन ठेवलं आणि उजव्या हाताने कात्री चालवली. हात पूर्वीसारखाच सरकत होता. आम्ही एकमेकांकडे बघत होतो, कोणीतरी "वा, मास्तर" म्हणालंसुद्धा. मग त्यांनी कात्री ठेवली आणि तुकड्यांची चळत धाकट्याकडे सरकवली. "घे. संध्याकाळी बटणापर्यंत आलं पाहिजे."

धाकट्याने तुकडे उलगडले. एक बाही होती. पुढचा एक भाग होता. पाठ मधूनच संपली होती. उरलेलं कापड टेबलाच्या डाव्या अंगाला अख्खं पडून होतं, त्यावर खडूची रेघही नव्हती.

"दादा," धाकटा हळूच म्हणाला, "ही दुसरी बाही राहिली बघ."

"कुठली दुसरी?"

"डावी. इकडे बघ ना जरा. मान वळव."

मास्तरांनी तुकडे हातात घेतले, मोजले, पुन्हा मोजले. वडील गेले तेव्हाही ते धाकट्यासमोर रडले नव्हते म्हणतात. आता चार गिऱ्हाइकांसमोर लहान मुलासारखे हुंदके देऊ लागले. डोक्याला मार बसलेल्या माणसाला रडू आवरत नाही, हे बाईंनी आम्हाला सांगितलं होतं. पण सांगणं वेगळं आणि समोर बघणं वेगळं.

"मला येत नाही का रे आता?" ते म्हणाले.

"येतं, दादा, येतं," धाकटा घाईघाईने म्हणाला. त्याने खाली वाकून जमिनीवरून काहीतरी उचलल्यासारखं केलं. "हा बघ, इथे पडला होता तुकडा. मीच वेंधळा."

मास्तरांनी बाहीने डोळे पुसले. "लहानपणापासूनचाच आहेस," ते म्हणाले, आणि दुकानात सगळ्यांना हायसं वाटलं.

त्या दिवसापासून धाकटा शिवणीत घेऊ लागला. पूर्वी बोटभर घ्यायचा, आता अर्धा शर्ट घेऊ लागला. मास्तर संध्याकाळी दमून घरी गेले की तो त्यांची कात्री हातात घ्यायचा आणि राहिलेली बाजू कापायचा. आयुष्यात ज्या कात्रीला त्याने हात लावला नव्हता ती तो आता रोज चोरून चालवत होता. कापड कमी पडलं तर पदरचं आणायचा. दुसऱ्या दिवशी मास्तर खुंटीवर तयार शर्ट बघायचे, उजवी कॉलर चाचपायचे आणि म्हणायचे, "हं. कापणं बरं असलं की शिवण आपोआप बरी येते."

"तर काय," धाकटा म्हणायचा.

संध्याकाळी काय चालतं ते आम्हा गिऱ्हाइकांना तेव्हा कळलं नाही. शर्ट अंगावर नीट बसत होते. मास्तर पुन्हा कापतात, ही बातमी सगळ्या रस्त्याला झाली. वहिनी भेटेल त्याला सांगू लागल्या, "देवासारखे डॉक्टर मिळाले. आता पहिल्यासारखं काम करतात. दोन्ही बाह्या, दोन्ही खिसे, सगळं." थेरपीला जायचं म्हणजे भाडं, पायऱ्या, रांग. दिवसभर दुकानात हाताला काम असताना तिकडे फळीच्या भोकांत लाकडी खुंट्या खोचायला कशाला न्यायचं, असं म्हणून वहिनींनी आधी एक दिवस चुकवला, मग आठवडा, मग सोडूनच दिलं. धाकट्याने एकदा म्हणून बघितलं, "वहिनी, बाईंकडे नेलेलं बरं." वहिनींनी विचारलं, "का? दुकानात काही अडतंय का?" तो म्हणाला, "नाही, अडत नाही."

महिने गेले. डॉक्टरांनी सांगितलेले ते शिकायचे महिने हेच होते.

मग तपासणीची तारीख आली. वहिनींनी मलाही बरोबर घेतलं, इस्पितळातले कागद मला समजतात म्हणून. धाकटा दुकान बंद ठेवून आला. वहिनींच्या पिशवीत थेरपीवाल्या बाईंसाठी शर्ट होता. फिक्या पिवळ्या रंगाचा, बारीक कॉलरचा. "यांनी स्वतः कापलाय," वहिनी म्हणाल्या. "माप अंदाजानेच घेतलं, बघा बसतो का."

बाईंनी शर्ट उलगडला. डाव्या बाहीवरून बोट फिरवलं, उजव्या बाहीवरून फिरवलं. मग मास्तरांकडे बघितलं. मास्तरांची डावी मिशी उजवीपेक्षा लांब होती.

"फार सुरेख आहे," बाई म्हणाल्या. "काका, मला एक करून दाखवाल?"

त्यांनी कागद पुढे ठेवला. "यावर शर्टाचा आकार काढा. साधा, पोरं काढतात तसा."

मास्तर हसले. "आम्हाला पोरांची परीक्षा?" पेन्सिल घेऊन त्यांनी एका रेघेत गळा काढला, उजवा खांदा, उजवी बाही, उजवी कड. हात थरथरला नाही. इतकी सुंदर रेघ होती की बाईही बघत राहिल्या. मग त्यांनी पेन्सिल ठेवली.

"झाला?"

"झाला की. बटणं हवीत का?"

वहिनी पुढे झुकल्या. "अहो, नीट काढा ना. चेष्टा नका करू."

"कसली चेष्टा?" मास्तर म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं.

वहिनींनी कागदाकडे बघितलं, शर्टाकडे बघितलं आणि मग धाकट्याकडे. तो बुटांकडे बघत होता.

"भाऊजी," त्या म्हणाल्या, "दुसरी बाजू कोण कापतं?"

तो म्हणाला, "पहिल्या दिवशी सांगितलं होतं, वहिनी. तुम्ही नव्हतात. तो रडला. सगळ्यांसमोर रडला. मला पुन्हा नाही सांगता आलं."

बाई चिडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या चिडल्या नाहीत. चष्मा काढून पुसला आणि म्हणाल्या, "आता पुन्हा सुरू करू. पण मी खोटं सांगणार नाही. पहिल्या महिन्यांत जे जमलं असतं ते आता जमेलच असं नाही. कापायचं काम परत येईल, असं मी म्हणणार नाही."

मास्तर सगळं ऐकत होते. ते हसून म्हणाले, "बाई, हा काय कापणार? याला कात्री धरता येत नाही. अर्धा रस्ता माझे शर्ट घालून फिरतोय, विचारा कोणालाही."

"दादा, ते मी करत होतो," धाकटा म्हणाला. "दुसरी बाजू मी करत होतो रे."

"कुठली दुसरी बाजू?"

बाईंनी मास्तरांची हनुवटी धरून मान डावीकडे वळवली आणि कागदाची कोरी बाजू दाखवली. क्षणभर त्यांना ती दिसली असावी, कारण चेहरा उतरला. बाईंनी हात काढला तशी मान परत उजवीकडे आली आणि चेहरा पूर्ववत झाला.

परतताना रिक्षा घराजवळ आल्यावर मास्तर धाकट्याला म्हणाले, "दुकान हवं होतं तर मागायचं. आजारी माणसाची लाज कशाला काढायची परक्यांत?"

"दादा, दुकान नकोय मला."

"मग कात्रीला हात का लावलास?"

धाकट्याला हे मान्य करावंच लागलं, कारण हात लावला होता. मास्तरांच्या लेखी गुन्हा तेवढाच उरला. अर्ध्या शर्टाबद्दल काही कळायला मार्ग नव्हता, पण कात्री चोरून वापरली हे मात्र लख्ख कळलं होतं. दुसऱ्या दिवसापासून ते दुकानात गेले नाहीत. आता घरीच असतात, खिडकीजवळच्या खुर्चीत.

वहिनींनाही त्या दिवसानंतर बरंच उमगलं. तोवर ताटातला उजवा भाग संपला की त्या न बोलता ताट फिरवून ठेवायच्या, अर्धी दाढी स्वतः पुरी करायच्या. मिशी तेवढी त्यांच्या हातून सुटली होती. मला म्हणाल्या, "भाऊजींना काय बोलू? मीही तेच करत होते. फक्त कात्री नव्हती हातात." आता त्या ताट फिरवत नाहीत. मास्तर अर्धपोटी उठतात आणि विचारतात, "आज भाजी नाही केलीस?" त्या म्हणतात, "केली आहे, डावीकडे बघा." कधी कधी मान वळते, फीत सापडते, भाजी सापडते. त्या दिवशी वहिनी मला जिन्यात गाठून सांगतात. पण रोज सांगण्यासारखं काही नसतं.

बाई आठवड्यातून एकदा घरी येतात. मागच्या खेपेला त्यांनी सगळ्यांनाच डावीकडे बसायला सांगितलं. आपण नकळत उजवीकडे बसतो, कारण तिथे ते आपल्याशी बोलतात, हसतात. "ते बंद करा," बाई म्हणाल्या. "त्यांना तुम्ही हवे असाल तर त्यांनी वळायला पाहिजे. उठून समोर जाऊ नका."

परवा मी संध्याकाळी गेलो तेव्हा धाकटा आधीच येऊन बसला होता, खुर्चीच्या डाव्या बाजूला, स्टुलावर. दुकान बंद करून रोज येतो. भाऊ त्याच्याशी बोलत नाही, तरी येतो. मीही त्याच्या शेजारी बसलो. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते. वहिनी चहा घेऊन आल्या तेव्हा ते हळूच, कोणाला ऐकू जाऊ नये अशा बेताने म्हणाले, "अगं, धाकटा येईनासा झाला का? फारच बोललो मी त्याला."

वहिनी कप घेऊन तशाच उभ्या राहिल्या.

"आलोय, दादा," धाकटा म्हणाला.

मास्तर चमकले आणि आवाजाच्या दिशेने म्हणून उजवीकडे, दाराकडे वळले. दारात कोणी नव्हतं. ते दाराकडेच बघत राहिले. धाकटा स्टुलावरून अर्धवट उठला. दोन पावलं टाकून समोर गेला असता तर भावाला दिसला असता. त्याने वहिनींकडे बघितलं. वहिनींनी मान हलवली, नको म्हणून.

तो परत खाली बसला.

"इकडे, दादा," तो म्हणाला. "इकडे बघ."